स्वरदाची चार चित्रं

रविवार, २ नोव्हेंबर

आजपासून ही वही. इंदुमती मॅडमचा हुकूम आहे. "गोपीनाथजी, तुम्ही बघता कमी, मोजता जास्त. रोज घरी जाऊन लिहा. काय शिकलात ते नको, काय दिसलं ते लिहा." मॅडम मूळच्या ग्वाल्हेरच्या, सत्तरीच्या. इथे भोपाळात नेहरू नगरच्या राहत्या घरीच दर रविवारी चित्रकलेचा वर्ग घेतात. आम्ही सहा विद्यार्थी. मी सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत कच्चा.

पस्तीस वर्षं कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात टर्बाइनच्या पात्यांची ड्रॉइंग्ज काढली. माझी रेष भिंगातून तपासली तरी कुठे जाड-बारीक सापडायची नाही. निवृत्त झालो, पिपलानीचं कारखान्याचं क्वार्टर सोडून साकेत नगरच्या या फ्लॅटमध्ये आलो, आणि तेव्हापासून बूड टेकत नाही. सकाळी हॉस्पिटलच्या गेटापर्यंत जाऊन येतो, दुपारी पुन्हा. सुधा म्हणाली, "अहो, फरशी झिजेल. काहीतरी हाताला लावून घ्या."

या हिवाळ्यात मॅडम आम्हाला चार चित्रकार शिकवणार आहेत. चौघंही एकशेचाळीस वर्षांपूर्वीच्या सुमाराचे, फ्रान्सात रंगवणारे, इम्प्रेशनिस्टांच्या मागून आलेले. "आधीच्यांनी उजेड पकडला. यांचं तेवढ्यावर भागलं नाही," मॅडम म्हणाल्या. "सगळे बेचैन लोक. तुमच्यासारखे."

आज पहिला, सरा. याने रंग पॅलेटवर कालवले नाहीत. शुद्ध रंगाचे बारीक ठिपके शेजारी शेजारी दिले. निळा आणि पिवळा जवळजवळ ठेवले की लांबून हिरव्याचा भास होतो. मिसळण्याचं काम बघणाऱ्याचा डोळा करतो. हे मला पटलं. यात हिशेब आहे.

मी ठिपक्यांसाठी आधी पेन्सिलीने चौकटी आखून घेतल्या. मॅडमनी डोक्याला हात लावला.

बुधवार, ५ नोव्हेंबर

घरी सराव. कशाचं चित्र काढावं सुचेना. केळी ठेवली तर दोन दिवसांत काळी पडतात. सुधा म्हणाली, "स्वरदाला बसवा ना समोर. नाहीतरी दिवसभर खिडकीशीच असते."

आमची स्वरदा, एकतीस वर्षांची, लग्न होऊन तीन वर्षं पुण्यात. दिवाळीला चार दिवस म्हणून आली ती अजून आहे. नोकरी उन्हाळ्यातच सोडली, त्यामुळे घाई नाही. लेकीचा पाय निघत नाही म्हटल्यावर बापाला बरंच वाटतं. पण परीक्षितची गैरसोय होत असणार. त्याला एकट्याला जेवायखायचं कसं?

चार वाजता बसवली. मुलगी चांगली बसते, हलत नाही. एकच त्रास. पावणेपाचला "आलेच" म्हणून उठली आणि निळा कुर्ता बदलून दुपट्ट्यासकट गुलाबी ड्रेस घालून आली. मी निळ्या कुर्त्याला शेजारी नारिंगी ठिपके देऊन चांगला पेटवत आणला होता. म्हटलं, "अगं, मॉडेलने मध्येच कपडे बदलायचे नसतात." ती म्हणाली, "पाच वाजतील ना बाबा."

पाच वाजता परीक्षितचा व्हिडिओ कॉल येतो. रोज, ऑफिसातूनच. स्वरदा फोन घरभर फिरवून दाखवते. स्वयंपाकघर, बाल्कनी, आमची खोली, मग मी. मी ब्रश हलवून नमस्कार केला. जावयाला सासुरवाडीची एवढी ओढ! माझ्या सासऱ्यांनी मला वर्षातून एकदा पाहिलं असेल.

रविवार, ९ नोव्हेंबर

ठिपक्यांचं चित्र मॅडमना दाखवलं. अर्धा कुर्ता निळा, अर्धा गुलाबी. सगळे हसले, मॅडम हसल्या नाहीत. चित्र भिंतीला टेकवून त्या मागे मागे जात खोलीच्या टोकाला गेल्या.

"ही कुठे बघतेय?"

"दाराकडे. उजेड तिकडून येतो."

"तिकडे तर तुम्ही सावली दाखवलीत."

पाहिलं तर खरंच. खिडकी डावीकडे, दार उजवीकडे. उजेडाच्या दिशेत माझी चूक होणं शक्य नाही. मग ती उजेडाकडे पाठ करून बसली असेल. तिला विचारायचं राहिलं.

रविवार, १६ नोव्हेंबर

आज व्हॅन गॉग. याचा रंग जाड, लोण्यासारखा, ब्रशाचे फटके तसेच दिसणारे. मॅडमनी माझ्या हातून बारीक ब्रश काढून घेतला आणि चपटा, राठ केसांचा दिला. "रंग भरायचा नाही. वस्तू ज्या दिशेने वाढते त्या दिशेने ब्रश ओढायचा. गवत वर, दगड आडवा, केस जसे वळतील तसे. रेषेत जोर पाहिजे."

मला जमेना. ड्रॉइंग ऑफिसात जोर लावला की निब फुटायची. तासाभराने मात्र हात असा काही सुटला की मॅडमनी स्वतःहून चहा आणून दिला. येताना स्कूटर जोरात चालवली, या वयात. घरी येऊन लगेच स्वरदाचे केस रंगवले. गडद तपकिरी, त्यात हिरवा, मधेच लाल. रंग जवळजवळ पाव इंच उभा राहिला. थंडीत हे वाळायला महिना जाणार.

स्वरदा उठून बघायला आली. "बाबा, मी एवढी चिडलेली दिसते?"

"चिडलेली नाही गं, हे तंत्र आहे."

ती बराच वेळ चित्रासमोर उभी होती. म्हणाली, "छान आहे. हे ठेवा."

बुधवार, १९ नोव्हेंबर

परीक्षितने आज मला वेगळा फोन केला. अत्यंत नम्र मुलगा. आधी माझं ब्लडप्रेशर विचारलं. मग म्हणाला, "बाबा, एक काळजी आहे. स्वरदा हल्ली काहीही कल्पना करते. इथे एका डॉक्टरांना दाखवायचं ठरवलंय. तुम्ही तिला समजावून पाठवलंत तर बरं. आणि तोवर ती बाहेर कुठे जाते, कुणाला भेटते, जरा लक्ष ठेवाल ना? तिच्याच भल्यासाठी."

मी म्हटलं, निश्चिंत राहा. मंगळवारी साडेअकराला न्यू मार्केटला गेली होती, सोबत ऋतुजा, तिची शाळेतली मैत्रीण. दोन वाजून दहा मिनिटांनी परत आली. शुक्रवारी पुन्हा जायचं म्हणते. ऋतुजाचा भाऊ समीर वकील आहे, त्याच्याकडे काही काम आहे म्हणे. वेळा मी बरोबर सांगितल्या. ड्रॉइंग ऑफिसचा माणूस अंदाजे बोलत नाही.

तो म्हणाला, "थँक्यू बाबा. तुमचा आधार वाटतो."

गुरुवार, २० नोव्हेंबर

स्वरदा बसली नाही. डोळे सुजलेले. स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाबा, ऋतुजाचं तुम्ही सांगितलंत त्याला?"

"हो. त्यात काय लपवायचं?"

ती हसली. हसण्यासारखं मी काही बोललो नव्हतो. सुधाच्या हातून ताटली पडली. दोघी आत गेल्या आणि दार लावून घेतलं. मी हॉस्पिटलच्या गेटापर्यंत जाऊन आलो. मग पुन्हा जाऊन आलो.

स्वरदा शुक्रवारी बाहेर जाणार होती, ते रद्द झालं.

रविवार, ३० नोव्हेंबर

मागच्या रविवारी वर्गाला गेलो नाही. मन लागत नव्हतं. आज गेलो. गोगँ. सपाट रंगाचे मोठे तुकडे आणि भोवती गडद रेष. सावल्या जवळजवळ नाहीतच. गवत लाल वाटलं तर लाल रंगवायचं.

रेष म्हटल्यावर माझी कळी खुलली. घरी येऊन दोन तासांत स्वरदाचं चित्र पुरं केलं. गडद निळी बाह्यरेषा, आत एकच सपाट गुलाबी. कुठेही रेष तुटली नाही. सुधाला म्हटलं, "बघ, याला म्हणतात हात."

सुधाने चित्र पाहिलं आणि म्हणाली, "कपडे बरोबर आलेत." चेहऱ्याबद्दल काही बोलली नाही. थोड्या वेळाने भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुम्ही तिला रोज बसवत जा. रविवारीच नको. रोज, समोर बसून, नीट बघत जा." तिला चित्रकलेची एवढी गोडी कधी लागली कोण जाणे.

बुधवार, ३ डिसेंबर

परीक्षितचा फोन. १४ तारखेला रविवारी तो स्वतः येतोय, सकाळच्या विमानाने. संध्याकाळी दोघं परत. मी म्हटलं, जरूर या, तिला तयार ठेवतो. स्वरदाला सांगितलं. ती म्हणाली, "बरं." एवढंच. मला वाटलं होतं खूश होईल.

रात्री ती जेवली नाही. सुधाही नाही. मी एकटाच जेवलो.

रविवार, ७ डिसेंबर

आज सेझान. आणि आज माझं मॅडमशी भांडण झालं.

त्यांनी पुस्तकातलं एक चित्र दाखवलं. टेबलावर फळं, पांढरं कापड. मी पाहिलं आणि म्हटलं, हे चुकलंय. कापडाच्या डाव्या बाजूला टेबलाची कड एका उंचीवर आणि उजव्या बाजूला दुसऱ्याच. कड सरळ जुळतच नाही. टोपली समोरून दिसते आणि भांड्याचं तोंड वरून. आमच्या ऑफिसात असं ड्रॉइंग कुणी दिलं असतं तर त्याला मेमो मिळाला असता.

"चुकलं नाही," मॅडम म्हणाल्या. "तो माणूस बघता बघता थोडा सरकला. सरकल्यावर जे दिसलं तेही काढलं. तुमचं ड्रॉइंग एका खिळ्याला बांधलेल्या डोळ्याचं असतं. माणूस काय खिळ्याला बांधलेला असतो?"

"पण मग खरं कोणतं? डावीकडची कड की उजवीकडची?"

"तुम्हीच सरकून बघा आणि मला सांगा. गेला महिनाभर तुम्ही एकाच खुर्चीतून मुलीला बघताय."

रंग कसा लावायचा तेही दाखवलं. छोटे छोटे चौकोनी फटके, सगळे एका दिशेने, एकावर एक थर चढवत, भिंत बांधावी तसे. एका गालात उबदार आणि थंड रंगांचे तुकडे शेजारी ठेवले की गोलाई येते, सावली घालावी लागत नाही. घाई करायची नाही. एकेका फटक्याआधी बघायचं, पुन्हा बघायचं.

मी रागातच निघालो. चौकात पोहे-जलेबी घेतली, तीही अर्धी टाकली.

बुधवार, १० डिसेंबर

आज अक्षर वाकडं येतंय.

जेवणाच्या टेबलाशी स्वरदाला बसवून तीन दिवस सेझानच्या पद्धतीने काम चाललं होतं. टेबल आलं, हात आले, खांदे आले. आज म्हटलं मॅडमचं ऐकून बघू. अर्धं झाल्यावर स्टूल उचललं आणि टेबलाला वळसा घालून तिच्या डाव्या अंगाला, जरासं मागे जाऊन बसलो. मी रंगवत होतो.

माझ्या जुन्या जागेवरून तिच्यासमोरची पाण्याची बाटली आणि ट्रे दिसायचा. या बाजूने ट्रेमागे ठेवलेला फोन दिसला. आवाज बंद. पण पडदा उजळत होता, विझत होता, पुन्हा उजळत होता. मी वाचायचं नाही म्हटलं तरी वाचलं गेलं.

'टेबलाचा फोटो.'

'आत्ता.'

'समोर कोण?'

'पाच मिनिटं झाली.'

'बाबांना विचारतो मग.'

तिने न हलता, मान तशीच ठेवून, एका हाताने फोन उचलला, टेबलाचा फोटो काढला, पाठवला आणि हात पुन्हा पूर्वीच्या जागी आणून ठेवला. तंतोतंत त्याच जागी. मॉडेलचा हात हलला असं मला कळलंसुद्धा नसतं. महिनाभर कळलं नव्हतंच.

मी विचारलं, "हे रोज?"

"हो."

"किती वेळा?"

"मोजत नाही, बाबा." मग म्हणाली, "नोकरी यामुळेच सोडली. मीटिंगमध्ये फोटो पाठवता यायचे नाहीत."

ब्रश हातातच होता, तो तिच्या कुर्त्याला लागला. तिने डाग पुसलासुद्धा नाही.

गुरुवार, ११ डिसेंबर

सकाळी सुधाला बाल्कनीत गाठलं. "तुला माहीत होतं?"

"भाऊबीजेच्या दिवशी सांगितलं तिने."

"आणि मला नाही सांगितलंस?"

ती कपडे वाळत घालत राहिली. मग म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतंत? त्याला फोन केला असता. दोन्ही बाजू ऐकल्या असत्या. तो गोड बोलला असता. मग तुम्ही तिला समजावलं असतंत, संसारात थोडं इकडेतिकडे चालायचंच. शारदावन्संना उज्जैनला परत सोडायला तुम्हीच गेला होता. बॅग तुमच्या हातात होती. मी पाहिलंय."

शारदा माझी धाकटी बहीण. तीस वर्षं झाली. ती अजून तिथेच आहे. फोनवर माझ्याशी हवापाण्याचं बोलते.

"म्हणून मी तिला तुमच्यासमोर बसवली," सुधा म्हणाली. "माझं ऐकून नाही, पण स्वतःच्या डोळ्यांनी बघून पटेल म्हटलं. त्यालाही महिना लावलात."

मी चारही चित्रं भिंतीशी ओळीने लावली आणि समोर बसलो. ठिपक्यांच्या चित्रात ती दाराकडे बघतेय. जाड रंगाच्या चित्रात दाराकडे. गोगँच्या वेळी सपाट गुलाबीत मी डोळे नुसते दोन काळ्या रेषांनी दाखवले होते, त्याही दाराकडेच वळलेल्या. खांदे चारही चित्रांत कानांपर्यंत चढलेले. हे सगळं मीच काढलं होतं, मोजून मापून, बिनचूक.

न्यू मार्केटच्या वेळा मीच दिल्या होत्या. दोन वाजून दहा मिनिटं.

रविवार, १४ डिसेंबर

परीक्षित साडेदहाला आला. मिठाईचा डबा आणला होता. वाकून नमस्कार केला. सुधाने चहा दिला. स्वरदा गुलाबी ड्रेसमध्ये येऊन सोफ्याच्या कडेला बसली. तिची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. कुणी सांगितलं नव्हतं, तिने स्वतःच भरली होती.

तीन दिवस मी काय काय बोलायचं ठरवत होतो. मुद्दे कागदावर लिहून काढले होते. तो समोर बसला तेव्हा त्यातलं एक आठवेना. तो विमानाबद्दल बोलत होता, भोपाळच्या थंडीबद्दल बोलत होता, माझ्या चित्रांचं कौतुक करत होता. मधेच मान न वळवता म्हणाला, "स्वरदा, फोन सायलेंटवर का आहे तुझा?" ती लगेच फोन हातात घेऊ लागली.

पावणेबाराला तो उठला. "चल, आवरलंय ना? बाबा, मी म्हटलंच होतं, तुम्ही समजावलंत की ती ऐकते."

ती उठली. मी तिला 'बस' म्हणणार होतो. शब्द ओठांवर आला होता. महिनाभर मी तिला हेच सांगत आलो, बस, हलू नकोस. मी तो शब्द गिळला.

"स्वरदा, तुला जायचंय का?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. सुधा पदराचं टोक धरून उभी होती. मला वाटलं ती 'हो' म्हणेल. सवयीने म्हणेल आणि निघून जाईल आणि मग मी काय करणार?

"नाही," ती म्हणाली. आवाज इतका हळू की परीक्षितने "काय?" विचारलं. मग तिने पुन्हा सांगितलं, मोठ्याने. "नाही जायचं मला."

तो माझ्याकडे वळला. अजूनही नम्र. "बाबा, तुम्ही स्वतः फोनवर म्हणाला होता, तयार ठेवतो."

"म्हणालो होतो. चुकलो मी, परीक्षितराव."

"तिची मनःस्थिती तुम्हाला माहीत नाही."

"आजवर मला कुणाचीच माहीत नव्हती. आता ती सांगेल ते ऐकेन."

मग त्याचा आवाज बदलला. नोटीस पाठवतो म्हणाला, तुम्ही पस्तावाल असं करतो म्हणाला, बाहेरची माणसं तिचे कान भरतात म्हणून ऋतुजाचं नाव घेतलं. फोन माझ्या नावावर आहे, तो दे, म्हणाला. स्वरदाने फोन त्याच्या हातावर ठेवला. तो गेला. जिन्यात त्याच्या बुटांचा आवाज खालपर्यंत ऐकू येत होता.

मी दाराची कडी लावली, पुन्हा काढून पाहिली, पुन्हा लावली. स्वरदा तिथेच जमिनीवर बसून रडायला लागली, मोठ्याने, लहानपणी रडायची तशी. सुधा तिच्याजवळ बसली. मला जवळ जावं की नको कळेना. शेवटी पाणी आणलं.

मंगळवार, १६ डिसेंबर

समीरकडे जाऊन आलो, तिघंही. त्याने सरळ सांगितलं, प्रकरण लांबेल, त्रास होईल, परीक्षित सहज सोडणार नाही. स्वरदाने सगळं स्वतः सांगितलं. मी बाहेरच्या बाकावर बसलो. आत बोलावलं तर जाईन असं ठरवलं होतं. बोलावलं नाही.

रविवार, २१ डिसेंबर

वर्गाला गेलो. सेझानचं चित्र अपुरंच नेलं. तिच्या चेहऱ्याच्या जागी दोन-तीन ठिकाणी कॅनव्हास उघडा राहिलाय. म्हटलं, "मॅडम, ती आता बसत नाही. म्हणते कंटाळा आला. हे पूर्ण कसं करू?"

"करू नका. सेझानही अशा जागा कोऱ्या सोडायचा. कुठला रंग ते खात्रीने कळलं नाही तर काहीतरी म्हणून लावायचा नाही." मग चष्मा काढून म्हणाल्या, "कडा जुळत नाहीत तुमच्या टेबलाच्या. बहुत अच्छे."

दुपारी चार वाजता ऋतुजा स्कूटरवरून आली आणि स्वरदा तिच्यामागे बसून गेली. नवीन फोन अजून घेतलेला नाही. कुठे चाललात, किती वाजता याल, हे प्रश्न माझ्या तोंडात तयार होते. मी बाल्कनीतून नुसता हात हलवला.

सहा वाजले. साडेसहा. सुधा म्हणाली, "बसा की जरा." बसलो. उठलो. परीक्षित शहरातच असला तर? रस्त्यात गाठलं तर? समीरला फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. खाली जाऊन कोपऱ्यापर्यंत पाहून यावं वाटलं. चपला घातल्या, काढल्या. एवढी घालमेल मला नोकरीत कधी झाली नाही. असाच जीव टांगणीला लागून माणूस उद्या विचारायला लागतो आणि परवा फोटो मागायला लागतो की काय, असंही मनात येऊन गेलं. त्याची भीती वाटली.

साडेसातला जिन्यात दोघींच्या हसण्याचा आवाज आला. मी पटकन खुर्चीत जाऊन बसलो आणि वर्तमानपत्र उघडलं.

स्वरदा आत आली. निळा कुर्ता, केस विस्कटलेले, नाक थंडीने लाल.

"जेवायचंय?" मी विचारलं.

"नाही बाबा, खाऊन आले."

कुठे, ते तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही.